मातीची उंची

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर बोल. एआयवर बोल. आत्ताच्या मुलांना उपयोग होईल." मी हो म्हटलं. पण काल संध्याकाळी शहाद्याहून गोमाई ओलांडून गावात शिरले, शाळेच्या फाटकाशी आले आणि समोर तोच बागेचा तुकडा दिसला. डाव्या हाताला नळ, कंपाउंडला लागून वाफे. रात्री ठरवलं की कॉम्प्युटर राहू दे. आज बागेवर बोलायचं. संयोजकांनी माफ करावं.

तुम्हाला आठवत असेल, शनिवारी सकाळी कार्यानुभवाचा तास असायचा. मुलं कुदळ-फावडं घ्यायची, मुली निंदणी करायच्या, लहान वर्गातली पोरं झारीनं पाणी घालायची. माझ्याकडे एक वही होती. कोणी किती झाऱ्या घातल्या ते मी पायरीवर बसून लिहायचे. तुमच्यातल्या काही सद्गृहस्थांनी चार झाऱ्या घालून दहा लिहून घेतल्या आहेत. नावं घेत नाही, आज त्यांची मुलं समोर बसली आहेत.

ती वही मला सरांनी मोठ्या मायेनं दिली होती. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला, उजवा पाय गेला. पायात कॅलिपर, काखेत कुबडी. मला ऊन लागू नये, मी पडू नये, कुणी हसू नये म्हणून सरांनी मला सावलीतलं काम दिलं. घरीही तेच. आप्पांची केळी होती, पपई होती. सगळं घर शेतात राबायचं आणि मी बांधावर मजुरीची वही घेऊन बसायचे. मी खुरप्याला हात लावला की आजी म्हणायची, "ऱ्हाऊ दे व माय." आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे व माय." माझ्या लहानपणी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. त्यात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणूनच त्याच्याशी भांडता आलं नाही.

आज तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे. नववीत होतो. पावसाळ्याचे दिवस. तास संपला, तुम्ही सगळे हात धुवायला नळावर गेलात. झेंडूची दोन-तीन रोपं वाफ्याच्या कडेला उरली होती. मी कुबडी टाकली, कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप काढलं आणि सरळ चिखलात बसले. हातानं खड्डा केला, रोप लावलं. दुसरं लावलं. मग उठता येईना. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. ओली झाली की कुबडीच्या रबराला लाडवासारखी चिकटते. टेकवलं की कुबडी रुतते, उचललं की शेरभर माती घेऊन वर येते. सरांनी मला तशा अवस्थेत पाहिलं आणि त्यांना वाटलं, मागच्या बाकावरच्या चार मुलांनी मला ढकललं. त्या चौघांना तासभर उन्हात उभं केलं. मला विचारलं, तेव्हा मी खाली मान घालून गप्प बसले. कारण "मी स्वतः बसले" असं सांगितलं असतं तर पुढच्या शनिवारपासून पायरीवरूनही उठू दिलं नसतं.

ते चौघे आज इथे आहेत. तुम्ही मला ढकललं नव्हतं, रे. तीस वर्षं उशीर झाला, पण ही माफी आहे. सर, तुमचीही.

आता पुढचं. दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं. आपला जिल्हा तोवर धुळ्याचा नंदुरबार झाला होता, १ जुलै १९९८ ला. मी पुण्यात नोकरीला लागले. लोक मला म्हणतात, "बघ, शेतात काम करता येत नव्हतं म्हणून शिकलीस. चांगलंच झालं." हे ऐकलं की मला राग येतो. तो आज पहिल्यांदा उघडपणे सांगते. शिकले त्याचा आनंद आहेच. पण एका गोष्टीची भरपाई दुसऱ्या गोष्टीनं होते, हा हिशेब ज्यांचं काही गेलेलं नसतं तेच मांडतात. मला कोडही लिहायचा होता आणि मेथीही पेरायची होती.

म्हणून आम्ही घर घेताना तळमजल्याचं घेतलं. मागे पंधरा फूट बाय आठ फुटांचा मातीचा तुकडा. मी बिल्डरला हॉलचं माप विचारलं नाही, मातीचं विचारलं. आणि मग खरी फजिती सुरू झाली.

बागकामावरची पुस्तकं रोज थोडा वेळ द्या म्हणतात. त्यातलं प्रत्येक काम दोन मोकळे हात आणि दोन वाकणारे गुडघे धरून लिहिलेलं असतं. माझा एक हात कुबडीत अडकलेला. झारी घ्यायची तर एकाच हातात, तीही अर्धी भरलेली, आणि चालताना त्यातलीही निम्मी सांडते. कुंडी सरकवायची म्हटलं तर बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट दोन पायांच्या माणसालाही जड जाते. उकिडवं बसणं मला शक्यच नाही. खाली बसायचं तर पाय लांब करून चिखलात, आणि उठताना आधार हवा. खुरपं हातातून निसटून दोन हात लांब पडलं की त्या दिवसाचं काम संपलं. पावसाळ्यात कॅलिपरच्या कातडी पट्ट्यांना बुरशी येते, कुलपात माती जाते.

पहिल्याच पावसाळ्यात मी तिथे पडले. फोन घरात, घरात कुणी नाही. वीस मिनिटं चिखलात पालथी होते. लागलं काही नव्हतं. शेवटी वॉचमनला हाक ऐकू गेली. त्यानंतर सोसायटीतल्या एका भल्या गृहस्थांनी सल्ला दिला, "कशाला हा उद्योग, ताई? माळी लावा." माळी लावला. त्यानं पहिल्याच दिवशी स्वच्छ काम केलं. मी तीन आठवडे जपलेली अंबाडीची रोपं तण म्हणून उपटून टाकली. मी खिडकीतून बघत होते, ओरडेपर्यंत झालं होतं. त्याची चूक नव्हती. सांगायला मी त्याच्या शेजारी वाफ्यात उभी असायला हवी होते.

त्या रात्री मला खरंच वाटलं की आजीचं बरोबर होतं. ऱ्हाऊ दे व माय.

मग दिवाळीला इथे गावी आले. पहाटे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, कंबर मोडलेली, गुडघे गेलेले. शेतात जाणं बंद होऊन दहा वर्षं झाली होती. ती काठी टेकत आली, तांब्यातून तुळशीला पाणी घातलं, दोन वाळक्या काड्या मोडल्या, बोटानं माती जराशी उकरली, मंजिऱ्या खुडल्या आणि गेली. वाकली नाही, बसली नाही, कुणाला हाक मारली नाही.

मी त्या वृंदावनाकडे बघत राहिले. लहानपणी घरातली हीच एक जागा होती जिथे मला कुणी "ऱ्हाऊ दे" म्हटलं नव्हतं. तुळशीला पाणी मी रोज घालायचे. त्याचं कधी कौतुक झालं नाही आणि काळजीही झाली नाही, कारण त्यात अवघड काही नव्हतंच. तिथे माती माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होती. बस, एवढंच. आपल्या प्रत्येकाच्या दारात ही गोष्ट पिढ्यानपिढ्या उभी आहे. आम्ही तिला नमस्कार करतो, पण तिची उंची कधी मोजली नाही.

आणखी एक आठवा. आपल्या लहानपणी बऱ्याच घरांत चूल जमिनीवर होती. आई धुरात उकिडवी बसून भाकरी थापायची. मग गॅस आला, ओटा आला. स्वयंपाक जमिनीवरून कमरेएवढा वर आला. कुणी म्हटलं का, की ही अपंगांसाठी सोय आहे? नाही. सगळ्यांच्याच कमरा वाचल्या. शेतातही तसंच. सायकल कोळपं आलं आणि दिवसभर बसून करायचं बरंचसं काम उभ्यानं होऊ लागलं. म्हणजे कामाची उंची बदलता येते. ती देवानं ठरवलेली नाही.

या प्रश्नाला दुसऱ्या बाजूनंही उत्तर मिळालेलं आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीस जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट तयार केला. परदेशी कृत्रिम पाऊल बुटात घालायचं, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचं होतं. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चिखलात उतरतो. त्याला ते चालेना. म्हणून या दोघांनी रबराचं, वाकणारं, पाण्यात चालणारं पाऊल केलं. तिथे पाय मातीपर्यंत नेला. माझ्या बाबतीत पाय तिथवर जाणार नव्हता, तर माती वर आणायची होती.

पुण्याला परतल्यावर गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, एवढा उंच वाफा कशाला?" मी म्हटलं, "ओटा बांधायचाय असं समज, वर कडाप्प्याऐवजी माती." लगेच कळलं त्याला. दोन फूट उंच, आठ फूट लांब आणि दोनच फूट रुंद. रुंदी महत्त्वाची. एका बाजूनं बसल्या जागी हात दोन फुटांपलीकडे पोचत नाही. खाली पाय आत जायला खाच, जशी ओट्याखाली असते. कडेला पकडायला पाइप, खालच्या बाजूला पाणी निघायला भोकं. वाफ्यासमोर फरशी, म्हणजे कुबडी रुतत नाही. प्रत्येक खुरप्याला दोरी बांधली, दुसरं टोक पाइपला. पडलं तरी ओढून घेता येतं.

भरायचं काय? दोन फूट नुसती माती म्हणजे फार वजन, फार खर्च. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, पालापाचोळ्यातून सुपीक माती कशी करावी, हे शेतकऱ्यांना करून बघायला लावलं. त्या वाटेनं गेलेल्या अनेकांनी शहरात गच्चीवर भाजी पिकवली. मी तेच केलं. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर जवळच्या रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं, मग वाळका पाला, शेण, आणि वरच्या वीतभर थरातच माती. पाण्यासाठी आप्पांच्या केळीतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या आणल्या. ड्रम उंचावर ठेवला, तोटी फिरवली की पाणी. झारी कायमची सुटली.

आता तुम्हाला वाटेल, म्हणजे गोष्ट गोड झाली. पूर्ण नाही. पहिल्या वर्षी हौसेनं आपलं भरताचं वांगं लावलं. झाड तीन फूट वाढलं. वाफा दोन फूट, झाड तीन फूट. स्टुलावर बसलेल्या माझ्या डोक्यावर वांगी! तोडता येईनात. तेव्हा कळलं की उंच वाफ्यात बुटकीच पिकं लावायची. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, कांद्याची पात, फार तर मिरची. पपई, जी खाऊन मी वाढले, ती माझ्या बागेत कधी होणार नाही. चिपाडं आणि पाला कुजून दरवर्षी वाफा वीतभर खाली बसतो, तो भरायला दुसऱ्याला बोलवावंच लागतं. आणि झाडं थांबत नाहीत. मला दोन दिवस उठता आलं नाही तर मिरचीवर पिठ्या ढेकूण थांबत नाही.

उठता न येण्याचं कारणही सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी काल विचारलं, "आधीपेक्षा जास्त लंगडतेस का?" हो. पोलिओ होऊन गेल्यावर काही दशकांनी पुन्हा अशक्तपणा येऊ शकतो. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पोलिओत काही चेतापेशी मरतात. उरलेल्या पेशी नवे धागे काढून त्यांच्या वाट्याचे स्नायूही सांभाळतात. आमच्या भाषेत सांगायचं तर दहा सर्व्हरपैकी सहा बंद पडले आणि चौघांनी तीस-चाळीस वर्षं सगळा भार ओढला. आता ते चौघे थकले. पूर्ण बरं करणारं औषध नाही. दमायच्या आधी थांबणं, हा एक मोठा उपाय. जिद्दीनं जास्त काम केलं तर नुकसानच. म्हणून "जिद्द" हा शब्द माझ्या सत्कारात वापरू नका, अशी विनंती मी काल संयोजकांना केली. मला जिद्दीपेक्षा वीस मिनिटांनी वाजणारा गजर उपयोगी पडतो.

भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला. २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्यासारख्या मुली आता शाळेत येणार नाहीत, याचा केवढा आनंद आहे. पण २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग माणसं मोजली गेली आणि त्यातली १.८६ कोटी खेड्यांत राहतात. म्हणजे मातीजवळ. अपघातानं, आजारानं, जन्मानं अशी मुलं शाळेत येतच राहणार. आणि आपणही पन्नाशीकडे चाललो आहोत. काल सतरंजीवर बसल्यावर उठताना कोणाकोणाच्या तोंडून "अगं आई गं" निघालं, ते मी मोजलंय. वहीची सवय आहे मला.

आनंदवन तुम्हाला ठाऊक आहे. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे कुष्ठरुग्णांना घेऊन राहायला गेले. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते. खुरप्याच्या मुठीनं फोड आला तरी कळत नाही. अशा हातांनी तिथे विहीर खणली, भाजी पिकवली. सुरुवातीला ती भाजी घ्यायला गावातली माणसं कचरत होती. पुढे बाबांच्याच पाठीच्या कण्यानं दगा दिला. त्यांना बसता येत नसे, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. १९९० पासून काही वर्षं ते आपल्या सातपुड्यापलीकडे, नर्मदाकाठी कसरावदला राहिले. आपण तेव्हा शाळेतच होतो. ज्यांना सगळ्यांनी कामातून सूट दिली होती, त्यांना बाबांनी काम दिलं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की, दया करून सूट देणं सोपं असतं. काम देणं अवघड, कारण मग कामाची मांडणी बदलावी लागते.

सर, तुम्ही मला वही दिलीत, त्यानं मला आकड्यांची गोडी लागली. ते ऋण आहेच. तुमच्याकडे तेव्हा साठ मुलं, एक नळ आणि चार कुदळी होत्या. कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं की माती वर आणता येते. मलाही चाळिशीपर्यंत कळलं नाही, आणि मी तर इंजिनिअर.

म्हणून एकच मागणं. आपल्या बॅचनं शाळेला काय भेट द्यायची, यावर काल रात्री बारापर्यंत चर्चा चालली. प्रोजेक्टर, कमान, पाण्याची टाकी. जे ठरेल ते द्या. पण त्यातून थोड्या विटा बाजूला काढा. नळाजवळ, पायरीपासून फरशीवरून जाता येईल अशा जागी, दोन फूट उंचीचा एक वाफा बांधू. मापं माझ्याकडे तयार आहेत, चिपाडांना आपल्या ऊसपट्ट्यात तोटा नाही. "अपंगांसाठी" अशी पाटी मात्र लावू नका. सगळ्याच पोरांना उभ्यानं काम करू द्या. कुणाचा पाय मोडलेला असेल, कुणी चाकाच्या खुर्चीवर येईल, कुणाला नुसता कंटाळा असेल, सगळे तिथे जातील. आणि झाऱ्यांची वही पाळीपाळीनं सगळ्यांना लिहू द्या.

पहिलं रोप झेंडूचं लावू. मागच्या बाकावरच्या त्या चौघांनी या वेळी माझ्याबरोबर उभं राहावं. उन्हात उभं राहायची सवय त्यांना आहेच.